ग्रेट्स्की, ओवेच्किन आणि गोलांचे बदलते मोल

६ एप्रिल २०२५ रोजी लाँग आयलंडवरील यूबीएस अरीनात वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या अलेक्झांडर ओवेच्किनने डाव्या वर्तुळातून हाणलेली चकती गोलरक्षक इल्या सोरोकिनला चुकवून जाळ्यात शिरली, आणि आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगच्या दप्तरात वेन ग्रेट्स्कीच्या नावे असलेला ८९४ गोलांचा विक्रम मोडला. योगायोग असा विलक्षण की, ग्रेट्स्कीची संपूर्ण कारकीर्द जितक्या सामन्यांची होती, नेमक्या त्याच १४८७ व्या सामन्यात ओवेच्किनने आपला ८९५ वा गोल केला. एवढ्या साम्यावरून दोघांना एकाच तागडीत तोलण्याचा मोह होतो. परंतु ज्या काळात ते गोल झाले, त्या काळाची साक्ष घेतल्यावाचून असा निवाडा करणे अन्यायाचे होय.

१९८१-८२ च्या हंगामात एडमंटन ऑयलर्सकडून खेळताना ग्रेट्स्कीने ९२ गोल केले, त्यांतले पहिले ५० अवघ्या ३९ सामन्यांत. त्या हंगामात दोन्ही संघांचे मिळून दर सामन्यास सरासरी सुमारे आठ गोल होत. गोलरक्षक बहुधा उभ्यानेच खेळत, त्यांची संरक्षक साधने तोकडी असत, आणि शंभर फटक्यांपैकी तेरा तरी जाळ्यात जात. पुढे पॅट्रिक रॉयच्या पिढीने गुडघे बर्फावर टेकून पाय दुतर्फा पसरण्याची ‘बटरफ्लाय’ पद्धत रूढ केली, पायांची कवचे रुंदावली, प्रशिक्षकांनी मध्यपट्टीत प्रतिस्पर्ध्यांची वाट अडविण्याचे तंत्र बसविले. परिणामी २००७-०८ मध्ये, ओवेच्किनने ६५ गोल केले त्या वर्षी, ही सरासरी साडेपाचाच्या आसपास उतरली होती. त्रैराशिक मांडले तर ग्रेट्स्कीचे ९२ ओवेच्किनच्या काळात सुमारे ६३ भरतात, आणि ओवेच्किनचे ६५ ग्रेट्स्कीच्या काळात ९४ च्या घरात जातात.

हे त्रैराशिक मला अपुरे वाटते. सुकाळ सर्वांनाच होता; मग इतरांनी त्यात किती कमावले? ग्रेट्स्कीच्या ९२ गोलांमागोमाग माइक बॉसीचे ६४ होते, तर ओवेच्किनच्या ६५ गोलांमागोमाग इल्या कोवाल्चुकचे ५२. समकालीनांना इतके मागे टाकण्याचे श्रेय काळाच्या उदारतेस देता येत नाही.

दीर्घ पल्ल्याचा कौल मात्र ओवेच्किनकडे झुकतो. त्याचा संभाव्य पहिला हंगाम, २००४-०५ चा, संघमालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीत समूळ गेला. पुढेही टाळेबंदीने आणि महामारीने त्याचे सामने हिरावले. तरीही लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान त्याने नऊ वेळा मिळविला, एकदा विभागून. ग्रेट्स्कीने पाच वेळा. अडतिसाव्या वर्षी, अखेरच्या हंगामात, ग्रेट्स्कीचे गोल ९ होते. एकोणचाळिसाव्या वर्षी, पायाचे हाड मोडूनही, ओवेच्किनने ४४ केले. तो डाव्या वर्तुळातूनच फटका मारणार हे वीस वर्षे प्रत्येक प्रतिस्पर्ध्यास ठाऊक होते, आणि तरीही तो अडविता आला नाही.

म्हणून गोल करण्याच्या कलेत मी ओवेच्किनला अग्रस्थान देतो. हॉकीपटू म्हणून मात्र ते ग्रेट्स्कीचेच. जाळ्यामागे उभे राहून सोबत्यांना अचूक चकती पुरविणाऱ्या या खेळाडूच्या खाती १९६३ गोलसाहाय्ये जमा आहेत. गोल आणि साहाय्ये मिळूनही तेवढी गुणसंख्या लीगच्या इतिहासात अन्य कोणाचीही नाही.