डावीकडचा तानपुरा
(घरातली ध्वनियंत्रे : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात सीडीवरचे खड्डे वाचून त्यांचे आकडे कसे होतात ते पाहिले. आज त्याच माहितीच्या आधारे एक बिघाड शोधू.

माझ्याकडे आलेल्या प्लेअरमध्ये हौसेने फेरफार केलेले होते. डाव्या आणि उजव्या चॅनलचा प्रत्येकी एक मूळ एनई५५३२ हा ऑप-ॲम्प (संकेत वाढवणारा) आयसी काढून तिथे सॉकेट बसवले होते आणि त्यात एलएम४५६२ खोचला होता. तक्रार अशी, की डाव्या स्पीकरमधून तानपुऱ्याची जवारी चिरकी येते, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. उजवीकडे सारे सुरेल.

अशा वेळी बहुतेक जण आधी लेझरचे भिंग पुसायला घेतात. इथे त्याचा उपयोग नाही. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनलचे ४४,१०० नमुने असतात आणि डावे-उजवे एकाच प्रवाहात गुंफलेले असतात. वाचनच चुकले, तर त्याचा त्रास दोन्ही कानांना होतो. एकाच बाजूला खोट असेल, तर ती दोन्ही वाटा वेगळ्या झाल्यानंतरची.

ॲम्प्लिफायरच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली, तशी खरखर उजव्या स्पीकरमध्ये गेली. म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही सुटले. केबल नवी लावली, तरी फरक नाही. मग झाकण उघडले. (ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला २३० व्होल्ट असतात. तिकडे हात न्यायचा नाही, आणि सोल्डरिंग करताना प्लग काढलेलाच हवा.)

मल्टिमीटरने दोन्ही आयसींच्या वीजपुरवठ्याच्या, म्हणजे ८ आणि ४ नंबरच्या, पिनांवर सारखेच व्होल्टेज दाखवले. पण पाठीवर बोट ठेवले तेव्हा उजवा कोमट लागला आणि डाव्यावर बोट टिकेना. दोन्ही आयसींची जागा बदलली. गरम होणारा आयसी उजवीकडे गार झाला आणि उजवीकडचा डावीकडे तापला! आयसी चांगले होते, जागा वाईट होती.

मालकाने जुने ५५३२ डबीत जपून ठेवले होते, याचे मला फार कौतुक वाटते. त्यातला एक डावीकडे बसवला आणि खरखर थांबली. ५५३२ची झेप साधारण १० मेगाहर्ट्झपर्यंत, तर ४५६२ची ५५पर्यंत. इतक्या चपळ आयसीला वीज अगदी पायाशी मिळावी लागते, नाहीतर तो स्वतःच थरथरू लागतो. ती थरथर कानाला ऐकू येत नाही, पण आयसी तापतो आणि संगीताला ओरखडे पडतात.

बोर्ड उलटा केल्यावर कारण दिसले. आयसीला पायाशी वीज पुरवणारे बारीक कपॅसिटर काढून त्या जागी जाडजूड, महागडे लावले होते. उजवीकडचा कपॅसिटर बोर्डाला टेकलेला होता. डावीकडे मध्ये हीटसिंक येत असल्यामुळे तिथल्या कपॅसिटरचे पाय दोन इंच लांब सोडले होते. ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, घेतला आणि पाय जेमतेम ठेवून सॉकेटच्या खालीच ८ आणि ४ या पिनांमध्ये सोल्डर केला. ४५६२ परत खोचला. अर्ध्या तासाने बोट ठेवले तेव्हा दोन्ही आयसी सारखेच कोमट होते, आणि तानपुरा दोन्ही बाजूंनी एकच वाजत होता.

प्लेअर सुरू करताना ‘धप्’ असा आवाज येतो, ही तक्रार मात्र राहिली. म्यूटिंगचे ट्रान्झिस्टर कुणीतरी काढले आहेत. त्याबद्दल पुढच्या लेखांकात.