शंभर मीटरवरचा पिंगळा

पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक मुख्यतः डोक्यावर दिसतो. आपल्या गावांत, जुन्या चिंचेच्या ढोलीत किंवा पडक्या विहिरीच्या कपारीत राहणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो, आणि पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. दोघांचा आकार मात्र साधारण सारखाच, चोचीपासून शेपटीपर्यंत वीतभर. हा फरक खानदेशाला माहीत असायला हवा, कारण रानपिंगळा जगाला परत मिळाला तो इथेच. १८८४ नंतर त्याची एकही खात्रीलायक नोंद नव्हती. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तिघा अमेरिकी अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. एकशे तेरा वर्षांनी सापडलेला हा पक्षी त्यांनी मारला नाही. त्याची छायाचित्रं आणि चित्रफीत घेतली, आणि तोच पुरावा जगाने मानला. पुढे यावल अभयारण्यातही रानपिंगळा आढळला. बोदवडहून भुसावळमार्गे तापी ओलांडली की तो सातपुडा फार लांब नाही.

या पक्ष्याच्या इतिहासात पुराव्याची एक कडू गोष्टही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने त्यांतलाच एक नमुना लाटला, त्याला गुजरातेतल्या मांडवीची १९१४ सालची चिठ्ठी लावली आणि तो स्वतःचा म्हणून खपवला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघड करेपर्यंत पक्ष्याचा एक पत्ताच खोटा होता. पेंढा भरलेला पक्षी हातात असूनही पुरावा फसवा ठरू शकतो, तर झाडावर बसलेल्या पक्ष्याचं स्पष्ट, तारखेचं छायाचित्र किती मोलाचं असेल ते यावरून समजावं. म्हणून बोदवड, मुक्ताईनगर, रावेर, यावल या पट्ट्यातला एखादा शिक्षक, शेतकरी किंवा कॉलेजातला मुलगा पैसे साठवून पहिला कॅमेरा घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्या निवडीला मी हौसेपुरती मानत नाही. जुन्या बाजारात त्याच्यापुढे बहुतेक वेळा दोन वस्तू येतात. एक म्हणजे न बदलता येणाऱ्या लांबलचक झूमचा ब्रिज कॅमेरा, उदाहरणार्थ २०१५ साली आलेला निकॉनचा पी-९००. दुसरी म्हणजे आठ-दहा वर्षं वापरलेला डीएसएलआर, समजा २०१३ चा निकॉन डी-७१००, सोबत ७०-३०० ची लेन्स. आणि दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: डीएसएलआर घे, त्याचा सेन्सर मोठा आहे.

सेन्सर मोठा आहे हे खरंच. डी-७१०० चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि साडेपंधरा मिलिमीटर उंच, म्हणजे टपाल तिकिटाएवढा. पी-९०० चा सव्वासहा बाय साडेचार, करंगळीच्या नखात मावेल एवढा. क्षेत्रफळात तेरापट फरक. पण हा तेरापटीचा फायदा चित्राचा विषय अख्खा सेन्सर भरून टाकतो तेव्हाच पदरात पडतो. लांबच्या पक्ष्याच्या बाबतीत तसं घडत नाही. शंभर मीटरवरचा पिंगळा ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्या मोठ्या सेन्सरवर पडतो तो जेमतेम पाऊण मिलिमीटर लांबीचा. बाकी सगळा सेन्सर सागाची पानं आणि आभाळ टिपत राहतो. मोठं शेत घेतलं आणि पेरलं एका वाफ्यात, तर पीक त्या वाफ्याएवढंच येणार.

मग पक्ष्याकडून येणारा प्रकाश कशावर ठरतो? लेन्सच्या तोंडावर, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या खिडकीच्या रुंदीवर. हा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो: लेन्सची खरी फोकल लांबी घ्यायची आणि तिला एफच्या आकड्याने भागायचं. डीएसएलआरच्या लेन्सवर ३०० आणि एफ ५.६ असं लिहिलेलं असतं. भागाकार येतो साधारण ५४ मिलिमीटर. पी-९०० च्या जाहिरातीत २००० मिलिमीटर हा आकडा मिरवतो, पण तो जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेतला, तुलनेपुरता आकडा आहे. खरी फोकल लांबी लेन्सच्या कडेवर छापलेली असते: ३५७. तिथे एफ आहे ६.५, भागाकार येतो ५५. म्हणजे दोन्ही खिडक्या जवळजवळ सारख्याच रुंद आहेत. शटर तितकाच वेळ उघडं ठेवलं, तर पिंगळ्याच्या अंगावरून निघालेला प्रकाश दोन्ही कॅमेऱ्यांत सारखाच शिरतो. फरक राहतो तो एवढाच, की एक कॅमेरा त्या प्रकाशाचं चित्र लहान पाडतो आणि दुसरा मोठं.

हे चित्र किती मोठं, त्यावर सगळी ओळख अवलंबून आहे. २३ सेंटिमीटरचा पिंगळा शंभर मीटरवर बसला असेल तर डी-७१०० च्या फोटोत तो डोक्यापासून शेपटीपर्यंत सुमारे १७५ पिक्सेल भरतो. पी-९०० च्या फोटोत सहाशेच्या वर. आता माथ्यावरचा एक ठिपका तिळाएवढा, तीन मिलिमीटरचा धरू. डीएसएलआरमध्ये तो दोन-सव्वादोन पिक्सेलांत गुदमरतो; शेजारच्या तपकिरी पिसांत मिसळून माथा सरसकट करडा दिसतो, आणि साध्या पिंगळ्याला कुणी उत्साहाने रानपिंगळा म्हणून बसतो. ब्रिज कॅमेऱ्यात तोच ठिपका आठ पिक्सेलांचा असतो. प्रकाशाच्या स्वभावामुळे ५५ मिलिमीटरच्या खिडकीतून दिसणाऱ्या बारकाव्यालाही मर्यादा आहे, त्यामुळे आठ पिक्सेल म्हणजे चौपट तपशील असं समजू नये. कडा थोड्या मऊच राहतात. पण ठिपका आहे की नाही, हे कळतं. नोंदीला तेवढंच हवं असतं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: डीएसएलआरचा फोटो कापून मोठा करता येतो की. कापता येतो, पण १७५ पिक्सेल ताणून सहाशे केले तरी नसलेला ठिपका त्यात उगवत नाही. दुसरा आक्षेप जास्त जाणता आहे. ब्रिज कॅमेऱ्याचे फोटो आयएसओ वाढवताच दाणेदार होतात, हे डोळ्यांनी दिसतं. दिसतं, कारण तोच प्रकाश तिथे बारापट जास्त पिक्सेलांत वाटला गेलेला असतो. तो फोटो लहान करून डीएसएलआरच्या पिंगळ्याएवढा केला, की दाणे बऱ्याच अंशी विरून जातात. संध्याकाळी दोन्ही कॅमेरे जवळपास सारखेच अडतात. तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: डीएसएलआरला पुढे मोठी लेन्स लावता येते. टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६०० ची लेन्स लावली तर खिडकी ९५ मिलिमीटरची होते, प्रकाश तिप्पट येतो, आणि ब्रिज कॅमेरा सरळ हरतो. पण ती लेन्स एकटी दोन किलोच्या घरात जाते आणि तिची किंमत जुन्या बॉडीपेक्षा कितीतरी जास्त पडते. ती घ्यायचा पक्का बेत असेल, नुसती मनातली इच्छा नव्हे, तर आजच डीएसएलआर घ्यावा. बेत नसेल तर 'पुढे कधीतरी' या आशेवर आजचा पक्षी सोडू नये.

उडता पक्षी हा डीएसएलआरचा खरा प्रांत. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर थंडीत बदकांचे आणि वारकऱ्यांचे थवे उतरतात. (पांढऱ्या कपाळाच्या त्या काळ्या पाणपक्ष्याला वारकरी म्हणणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो, मुक्ताईच्या परिसरात ते नाव फारच शोभतं.) थवा उठला की डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तो जसाच्या तसा, त्याच क्षणी दिसतो आणि फोकस चटकन पकडतो. पी-९०० ची छोटी पडद्याची खिडकी किंचित मागे राहते, फोकस चाचपडतो, आणि सात फोटोंची एक सर झाली की कॅमेरा ते साठवायला थांबतो. २००० च्या झूमवर थव्यातला एक पक्षी शोधणं म्हणजे नळीतून आभाळ बघणं. लेन्सच्या कडेला झूम क्षणभर मागे घेणारं बटण आहे, तेच काय ते मदतीला येतं. पण त्याच पाण्यात दूरच्या गाळावर बसलेली बदकं मोजायची, चोचीचा रंग बघून जात ठरवायची, तर पुन्हा पहिला हिशेब लागू होतो.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा, तो जाहिरातीत कुठेच नसतो. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो. मार्चपासूनच सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि त्या झळांतून शंभर मीटरवरचा कोणताही पक्षी पाण्याखालच्या दगडासारखा हलतो. तिथे ८३ पट झूम त्या थरथरीलाच मोठं करतं. ब्रिज कॅमेऱ्याचा फायदा थंडीच्या महिन्यांत आणि उन्हाळ्यात पहिल्या दोन तासांत आहे, हे घेणाऱ्याने समजून घ्यावं. सुदैवाने रानपिंगळा दिवसाही वावरणारा आहे, आणि थंडीत सकाळी निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसलेला दिसतो.

अंतर घटलं किंवा विषय मोठा झाला, की मात्र माझा कौल बदलतो. पंचवीस मीटरवर पिंगळा डीएसएलआरमध्येही सातशे पिक्सेल भरतो. माथा दिसतो, वर फोकस जलद. कपाशीत किंवा हरभऱ्यात शिरलेला रोही दोन मीटर लांबीचा. शंभर मीटरवरून तो डीएसएलआरमध्ये दीड हजार पिक्सेलांचा येतो, आणि ब्रिज कॅमेऱ्याच्या पूर्ण झूममध्ये तर मावतच नाही. नुकसानीचा पुरावा म्हणून तो फोटो हवा असेल तर मोठ्या झूमची गरज नाही. आणि मंडपातलं लग्न, देवळातलं रात्रीचं कीर्तन, घरातलं बाळ यांच्या बाबतीत तर तुलनाच नको. डीएसएलआरला साधी ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स लावली की खिडकी २८ मिलिमीटरची. तेवढंच दृश्य टिपताना पी-९०० ची खिडकी पाच मिलिमीटरही भरत नाही. प्रकाशात तिसाहून जास्त पटींचा फरक पडतो, आणि सेन्सरची सगळी थोरवी तिथे अक्षरशः खरी ठरते. मात्र जवळच्या, उजेडातल्या फोटोंसाठी आता बहुतेकांच्या खिशात मोबाइल आहे. ते काम दोन्ही कॅमेऱ्यांच्या हिशेबातून वगळलं, तर उरतं ते लांबचं किंवा अंधारातलं. लांबचं बसलेलं टिपायचं असेल तर ब्रिज, अंधारातलं किंवा उडतं टिपायचं असेल तर डीएसएलआर.

जुनी वस्तू घेताना दोन्हींचे रोग वेगळे असतात. डीएसएलआरच्या शटरचे किती फोटो झालेत ते विचारावं. डी-७१०० चं शटर दीड लाखांपर्यंत चाचणी केलेलं आहे. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून बुरशीच्या जाळ्या बघाव्यात. आणि एक फसगत नेहमी होते: निकॉनची एएफ-पी नावाची स्वस्त ७०-३०० लेन्स डी-९० किंवा डी-७००० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही, म्हणून बॉडी आणि लेन्स एकत्र लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ब्रिज कॅमेऱ्यात लेन्स बदलायची नसल्याने धूळ जात नाही, हा समज चुकीचा आहे. आतबाहेर सरकणारी नळी हवा ओढते, आणि हवेबरोबर आपली काळ्या मातीची बारीक धूळही. ती सेन्सरवर बसली तर घरी साफ करता येत नाही, सगळा कॅमेरा खोलावा लागतो. झूम पूर्ण बाहेर काढून कोऱ्या आभाळाचा फोटो घेतला की डाग लगेच दिसतात.

एवढं वाचूनही आकड्यांवर भरवसा बसत नसेल तर परीक्षा सोपी आहे. तपकिरी पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा घ्यावा, त्याच्या अर्ध्या भागावर डिंकाने पांढरे तीळ चिकटवावेत, अर्धा कोरा ठेवावा. सकाळी लवकर तो शेताच्या बांधावरच्या लिंबाला बांधावा, शंभर मीटर मोजून मागे यावं आणि हातातल्या दोन्ही कॅमेऱ्यांनी, टेकू देऊन, पाच-पाच फोटो काढावेत. मग घरी मोठ्या पडद्यावर बघावं, तीळ कोणत्या अर्ध्यावर आहेत ते कशात सांगता येतं.