परदेशीं शिकूं इच्छिणाऱ्यांस साह्य कसें करावें ?

दर वर्षीं दिवाळीची सुटी लागली म्हणजे आमच्या शाळेचे कांहीं माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास येतात. पूर्वीं त्यांच्या हातीं फराळाचा डबा असे. अलीकडे डब्याबरोबर कागदांची एक पिशवीहि असते. पदवीचें शेवटचें वर्ष चालू असतें, आणि परदेशांतील एखाद्या विद्यापीठांत पुढील शिक्षण घेण्याची इच्छा मनांत उत्पन्न झालेली असते. “सर, एवढं वाचून पाहतां का ?” असें म्हणून ते पिशवी पुढें ठेवितात. सोबत वडील आले असल्यास त्यांचा प्रश्न निराळा असतो : “सर, आम्हांला हें झेपेल का ?” अशा मुलांस साह्य करितां करितां आम्हांस जें कळलें, आणि त्यांतील कांहीं आमच्याच चुकीमुळें कळलें, तें या लेखांत मांडण्याचें योजिलें आहे. शाळेंत शिकणाऱ्या मुलांनींहि तें वाचावें. कारण या कामाचा आरंभ त्यांच्याच वयांत होतो.

प्रथम हा अर्ज म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडे प्रवेश बहुधा गुणांच्या यादीवर मिळतो. यादींत नांव वर असलें म्हणजे झालें. परदेशांतील, विशेषतः अमेरिकेंतील, विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशाची रीत वेगळी आहे. तेथें बहुधा त्या त्या विषयाचे अध्यापकच अर्जदारांचे कागद वाचितात. त्या कागदांत मुख्य गोष्टी चार : महाविद्यालयाचीं गुणपत्रकें, इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा निकाल, अर्जदारास ओळखणाऱ्या दोघां-तिघां अध्यापकांचीं शिफारसपत्रें, आणि अर्जदारानें स्वतः लिहिलेलें उद्देशपत्र. मी काय शिकूं इच्छितों, तें कां, त्याकरितां आजपर्यंत काय केलें, आणि याच विद्यापीठाकडे कां आलों, हें या उद्देशपत्रांत एक-दोन पानांत सांगावयाचें असतें. वाचणारे त्यांत भाषेची सजावट शोधीत नाहींत. या विद्यार्थ्यास आपण शिकवूं शकूं काय, आणि तो शेवटपर्यंत टिकेल काय, हें ते पाहतात.

अशा अर्जाचें आपल्याकडील एक थोर उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें आहे. त्यांचे पति गोपाळराव यांचें पत्र एका मिशनरी मासिकांत छापून आलें होतें. न्यू जर्सी प्रांतांतील श्रीमती कार्पेंटर या बाईंनीं तें वाचिलें आणि पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ सालीं आनंदीबाई अमेरिकेस गेल्या, आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मागण्यासाठीं त्यांनीं पत्र लिहिलें. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करूं शकत नाहीं, हें त्यांनीं आडपडदा न ठेवितां कळविलें. आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याचे उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करितात, त्यांच्यासाठीं आपणांस शिकावयाचें आहे, हेंहि सांगितलें. प्रवेश मिळाला, आणि १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षीं त्यांचा अंत झाला, ही हळहळ महाराष्ट्रास आजहि आहे. परंतु त्या पत्राचा धडा कायम आहे. त्यांत उणीव झांकलेली नव्हती आणि हेतु स्वतःचा होता.

आम्हीं मात्र एकदां याच्या अगदीं उलट केलें. कृष्णाकांठच्या एका शेतकऱ्याचा मुलगा कृषिविषयाची पदवी घेत असतां आपलें उद्देशपत्र घेऊन आमच्याकडे आला. त्याचें इंग्रजी साधें होतें. कोठें कोठें चुकलेलेंहि होतें. आम्हीं लेखणी उचलली, त्याचीं वाक्यें खोडलीं आणि त्या जागीं आमचीं घातलीं. विज्ञानाविषयीं व मानवजातीविषयीं उदात्त उद्गार काढले. पत्र असें सुरेख उतरलें कीं, शिक्षकांच्या खोलींत आम्हीं तें मोठ्यानें वाचूनहि दाखविलें. पुढें तेथील एका अध्यापकांनीं संगणकाच्या पडद्यावरून त्याची मुलाखत घेतली आणि त्याच पत्रांतील एका वाक्याचा अर्थ विचारिला. मुलगा गप्प राहिला. तें वाक्य त्याचें नव्हतेंच. थोड्या दिवसांनीं नकार आला. त्यानें आम्हांस दोष दिला नाहीं. उलट “सर, तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत,” असें म्हणाला, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

दुसऱ्या वर्षीं तो पुन्हां आला. या खेपेस आम्हीं लेखणी हातीं घेतली नाहीं, प्रश्न विचारिले. “तुला मातीचाच अभ्यास कां करायचा आहे ?” बराच वेळ थांबून तो म्हणाला, “आमच्या खालच्या रानांत मीठ फुटलं, सर.” मग एकेक गोष्ट बाहेर आली. उंसाला वर्षानुवर्षें पाणी भरपूर दिलें, परंतु निचरा झाला नाहीं. भूजल वर चढलें, त्याबरोबर क्षार वर आले, आणि ज्या रानावर घर चालत होतें तें पांढरें पडलें. महाविद्यालयांत असतां त्यानें त्याच रानाची माती आणून तपासली होती, आणि निचऱ्याची चर खणल्यावर ती पुन्हां तपासली होती. पहिल्या पत्रांत या गोष्टीची एक ओळहि नव्हती. आमच्या उदात्त उद्गारांनीं तिला जागाच उरूं दिली नव्हती.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे. साह्य करणाऱ्यानें विचारावें, लिहावें विद्यार्थ्यानें. “हें तूं केव्हां केलेंस ? त्यांत काय चुकलें ? चुकल्यावर काय केलेंस ? या विद्यापीठांत या विषयावर कोण काम करितो, आणि त्याचें काय वाचलें आहेस ?” असे प्रश्न विचारावेत. व्याकरणाची चूक दिसल्यास खालीं रेघ ओढावी. दुरुस्ती त्यानें करावी. आतां तर संगणकास सांगितलें असतां तोहि घटकेंत निबंध लिहून देतो. परंतु आमच्या लेखणीनें जें नुकसान केलें तेंच हें यंत्र करील, आणि मुलाखतींत तें मदतीस येणार नाहीं. शिवाय कित्येक विद्यापीठें अर्ज स्वतः लिहिला असल्याबद्दल अर्जदाराकडून ग्वाही घेतात. अर्जाच्या आरंभींच खोटी ग्वाही द्यावी, असें कोणता पालक म्हणेल ?

शिफारसपत्राचेंहि तसेंच आहे. “तूंच लिहून आण, मी सही करितों,” अशी एक रूढि आपल्याकडे पडली आहे. तिघां अध्यापकांचीं पत्रें एकाच हातचीं असलीं म्हणजे वाचणाऱ्याच्या तें ध्यानांत येतें, आणि मग खऱ्या स्तुतीवरहि त्याचा विश्वास बसत नाहीं. विद्यार्थ्यानें निदान महिनाभर आधीं अध्यापकांस भेटावें, आणि आपलीं गुणपत्रकें, केलेल्या प्रयोगांची टिपणें व मुदतीची तारीख लिहून द्यावी. मोठ्या हुद्द्याच्या परंतु अनोळखी गृहस्थाच्या पत्रापेक्षां, प्रयोगशाळेंत रोज पाहणाऱ्या अध्यापकाचें पत्र अधिक मोलाचें होय. आणि अध्यापकास चांगलें लिहितां येत नसेल तर त्यानें तसें स्पष्ट सांगावें. यांत कठोरपणा नसून दया आहे.

आतां वेळेविषयीं. अमेरिकेंत वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होतात, परंतु पुष्कळ विद्यापीठांची अर्जाची मुदत आदल्या डिसेंबरच्या सुमारासच संपते. म्हणून दिवाळींत पिशवी घेऊन येणारा मुलगा बहुधा उशिरांच आलेला असतो. त्यानें उन्हाळ्याच्या सुटींत यावयास पाहिजे होतें. टोफेल व आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे निकाल दोन वर्षें चालतात, जी. आर. ई. परीक्षेचा निकाल पांच वर्षें चालतो. २०२० सालापासून अनेक विभागांनीं जी. आर. ई. ची अट काढून टाकिली आहे, तेव्हां आधीं अट वाचावी आणि मग परीक्षेचे पैसे भरावे. आपली तीन वर्षांची पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची सर्वत्र धरीत नाहींत, हेंहि आधीं विचारून घ्यावें. प्रत्येक अर्जास निराळें शुल्क पडतें. वीस ठिकाणीं धांवण्यापेक्षां पांच-सहा ठिकाणें नीट पारखावीं. तेथील पुष्कळ विद्यापीठांनीं मान्य केलेला एक ठराव असा आहे कीं, शिष्यवेतनासह प्रवेश देऊं केला असल्यास १५ एप्रिलपर्यंत विद्यार्थ्यावर उत्तराची सक्ति करूं नये. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें कित्येक मुलें घाबरून पहिल्याच पत्रास होकार देतात.

येथपर्यंत मुलांचा प्रश्न झाला, आतां वडिलांचा. परदेशचें शिक्षण म्हणजे सर्व एकच खर्च, असें नाहीं. अमेरिकेंत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास पुष्कळ ठिकाणीं शुल्क माफ होऊन, अध्यापनांत किंवा संशोधनांत साह्य केल्याबद्दल वेतन मिळतें. मास्टर पदवीस मात्र बहुतेकांना स्वतःचेच पैसे घालावे लागतात. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाहीं. परंतु बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांतांत २०१७ सालापासून आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांस सहामाहीस १,५०० युरो द्यावे लागतात. शिवाय तेथील एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधींच खात्यांत गुंतवून दाखवावी लागते. २०२४ सालीं ती ११,९०४ युरो ठरली. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति व महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस उपलब्ध आहे. १८९२ सालीं स्थापन झालेला जे. एन. टाटा निधि गुणवान विद्यार्थ्यांस कर्जरूपानें साह्य करितो. या सर्वांच्या अटी त्या त्या वर्षाच्या जाहिरातींत वाचाव्या. ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

पैशाचा हिशेब शेवटच्या वर्षापर्यंत करावा, हें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रावरून दिसतें. १९१३ सालीं बडोदें संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति मिळून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परत आल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांस लिहून द्यावा लागला होता. पुढें लंडनमध्यें अभ्यास चालू असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ सालीं काम अर्धें टाकून त्यांना परतावें लागलें. मुंबईंत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे सांठविले, छत्रपति शाहू महाराजांचें साह्य व एका मित्राचें कर्ज घेतलें, आणि १९२० सालीं पुन्हां लंडनला जाऊन अभ्यास पुरा केला. अशी जिद्द सर्वांच्या ठायीं नसते. म्हणून पैसे किती, किती दिवस, आणि त्याच्या बदल्यांत काय द्यावयाचें, हे तीन प्रश्न निघण्यापूर्वींच विचारावे. शेत किंवा राहतें घर गहाण टाकण्याची पाळी येत असेल, तर एक वर्ष थांबून पुन्हां अर्ज करण्यांत कांहींच कमीपणा नाहीं.

दलालांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. “फुकट सल्ला” देणाऱ्या कित्येक दलालांस विद्यापीठांकडून दलाली मिळत असते. अर्थात् जेथें त्यांचा लाभ, तेथेंच ते मुलास धाडूं पाहतात. २०२३ सालीं कॅनडांत आपल्या देशांतील अनेक विद्यार्थ्यांवर परत पाठविले जाण्याचा प्रसंग आला. दलालानें त्यांस दिलेलीं प्रवेशपत्रें बनावट निघालीं होतीं. मुलांनीं तीं खरीं मानिलीं होतीं. म्हणून विद्यापीठाशीं पत्रव्यवहार विद्यार्थ्यानें स्वतःच्या पत्त्यावरून करावा, प्रवेशपत्र खरें कीं खोटें हें विद्यापीठासच विचारावें, आणि न वाचलेल्या कागदावर पालकांनीं सही करूं नये.

शेवटीं, आज आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांनीं काय करावें ? पहिली गोष्ट अगदीं लहान आहे : आपलें नांव. जन्माच्या दाखल्यावर एक, शाळेच्या रजिस्टरांत दुसरें, आणि पारपत्रावर तिसरें, असें झालें म्हणजे पुढें प्रतिज्ञापत्रें करितां करितां जीव मेटाकुटीस येतो. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीं पालकांनीं शाळेंत येऊन नांवाचीं अक्षरें ताडून पाहावीं. दुसरी गोष्ट : एक वही ठेवावी. काय पाहिलें, काय करून पाहिलें, काय चुकलें, तें तींत आठवड्यास एकदां आपल्या शब्दांत लिहावें. मराठींत लिहिलें तरी चालेल. ज्याची अशी वही असेल, त्याला उद्देशपत्रासाठीं दुसऱ्याचे शब्द उसने आणावे लागणार नाहींत.

त्या कृष्णाकांठच्या मुलास दुसऱ्या वर्षीं दोन नकार आले, आणि एका विद्यापीठांत संशोधन-साह्यकाच्या वेतनासह प्रवेश मिळाला. त्याच्या पत्रांत व्याकरणाच्या दोन चुका शेवटपर्यंत राहून गेल्या होत्या. त्या आम्हांस मागाहून दिसल्या. मुलाखतींत त्यास पुन्हां प्रश्न विचारले गेले, परंतु या खेपेस ते त्याच्या वडिलांच्या रानाविषयीं होते, आणि त्यांचीं उत्तरें त्याच्यापाशीं होतीं.