ओळ नंबर ४४ आणि मराठीतला ऊ



आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक संगणकाच्या धंद्यात आहेत, आणि "एरर ॲट लाइन ४४" हा निरोप ज्याने पाहिला नाही असा त्यातला एकही नसेल. पण हा ४४ येतो कुठून? फाइल उघडून बघा, तिच्यात हा आकडा कुठेही लिहिलेला नसतो. फाइल म्हणजे नुसती बाइटांची रांग. एकामागून एक बाइट येत राहतात आणि ओळ संपल्याची खूण दिसली की वाचणारा प्रोग्राम एक बोट मोजतो. म्हणजे ओळीचा नंबर ही वाचणाऱ्याची मोजणी आहे, फाइलला त्याचा पत्ताही नसतो. ही मोजणी मराठी मजकुरावर कशी घसरते आणि त्यातून काय होऊ शकतं, याचा एक नमुना मला इथे मँचेस्टरमध्ये बघायला मिळाला. तो सांगतो.

त्याआधी थोडं आमच्या गावाबद्दल. मेमरीत ठेवलेला प्रोग्राम चालवणारं जगातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र इथल्या युनिव्हर्सिटीत २१ जून १९४८ ला चाललं. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बांधलेलं, लाडाचं नाव 'बेबी'. याची मेमरी म्हणजे टीव्हीसारखी एक नळी, तिच्यावर ३२ ओळी, प्रत्येक ओळीत ३२ ठिपके. मेमरीच्या घराला तेव्हा चक्क 'लाइन'च म्हणत, नंबर ० ते ३१. पहिला प्रोग्राम १७ सूचनांचा होता. २६२१४४ या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधायला त्याने ५२ मिनिटं घेतली. (उत्तर १३१०७२. तुम्ही तोंडी सांगितलं असतं, पण ते असो.)

या बेबीची एक गंमत आहे. आता कुठल्या ओळीवर आहोत हे लक्षात ठेवणारा तिचा काउंटर आधी एकने वाढायचा आणि मग ओळ उचलायचा. त्यामुळे काउंटर शून्यावर ठेवून यंत्र सुरू केलं तरी चालायची ती १ नंबरची ओळ. उडी मारून १० व्या ओळीवर जायचं असेल तर ९ आकडा द्यायचा. आधी मोजायचं की आधी वाचायचं, हा घोळ तेव्हापासूनचा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. जावामधला लाइननंबररीडर घ्या. तो शून्यापासून सुरू होतो आणि ओळ संपली की वाढतो. अख्खी ओळ वाचून मग नंबर विचारलात तर पहिल्या ओळीला १ मिळेल. एकेक अक्षर वाचत मधेच विचारलात तर त्याच ओळीला ० मिळेल. दोन्ही उत्तरं नियमाप्रमाणे बरोबर! ज्याला निरोप वाचून एडिटरमध्ये ती ओळ शोधायची आहे त्याला मात्र एकच नंबर हवा असतो.

ओळ संपल्याची खूण तरी एक असावी ना? तीही नाही. टेलिप्रिंटरच्या काळात कॅरेज मागे नेणं आणि कागद वर सरकवणं ही दोन वेगळी कामं होती, म्हणून दोन वेगळे संकेत. गावाकडे टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना आठवेल, तिथे एकच दांडा ओढला की दोन्ही व्हायचं. संगणकात कॅरेज रिटर्नचा नंबर १३ आणि लाइन फीडचा १०. विंडोजने दोन्ही ठेवले, युनिक्सने फक्त १०, जुन्या मॅकने फक्त १३. मोजणाऱ्याने तिन्ही ओळखायला हवेत, आणि १३ च्या पाठोपाठ १० आला तर ते दोन न धरता एक धरायला हवेत. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

आता मूळ गोष्ट. मी काही दिवस इथल्या एका छोट्या कंपनीत काम केलं. दवाखाने आणि औषधांच्या दुकानांसाठी अनेक भाषांतली सूचनापत्रकं छापायचं त्यांचं काम. प्रत्येक भाषेची एक फाइल, एका ओळीत एक सूचना. एखादी सूचना लेबलाच्या चौकटीत मावत नसेल तर तपासणीचा प्रोग्राम ओळीचा नंबर देऊन सांगायचा, आणि मांडणी करणारा माणूस ती ओळ कमी करायचा. प्रोग्राम मी यायच्या बऱ्याच आधी लिहिलेला होता आणि इंग्रजी फायलींवर बिनचूक चालत होता. उर्दू आणि बंगालीवरही चालत होता. गुजराती आणि पंजाबीवर मात्र तो हजारातले नंबर द्यायचा. साठ ओळींची फाइल आणि तक्रार तेराशेव्या ओळीची! लोक हसायचे आणि हाताने शोधायचे. मराठीवर कुणीच हसत नव्हतं, कारण मराठीचे नंबर बरे दिसत होते.

एकदा निरोप आला, ४४ नंबरची ओळ मावत नाही. मांडणीवाल्या गोऱ्या माणसाला मराठी येत नव्हती. त्याने ४४ वी ओळ उघडली. तिथे दोन भागांचं वाक्य होतं: "जेवणानंतर घ्यावे, उपाशीपोटी घेऊ नये." स्वल्पविरामापुढचं त्याने उडवलं. तक्रार तरीही ४४ चीच येत राहिली. लांब ओळ होती ४१ वी! हे उघडकीला आलं ते शेवटचं प्रूफ बघणाऱ्या मराठी बाईंमुळे. स्टॉकपोर्टला राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांचा फोन आला, "अहो, उपाशीपोटी घेऊ नये हे गेलं कुठे?" छापायला जायच्या आदल्या दिवशी!

शोध घेतला तेव्हा कारण असं निघालं. फायली नोटपॅडमध्ये 'युनिकोड' म्हणून सेव्ह केलेल्या होत्या. नोटपॅडच्या भाषेत याचा अर्थ तेव्हा यूटीएफ-१६ असा होता (पुढे २०१९ मध्ये त्यांनी ते नाव नीट लिहायला सुरुवात केली). यूटीएफ-१६ मध्ये आपल्या प्रत्येक अक्षराचे दोन बाइट होतात. देवनागरीत त्यातला एक बाइट कायम ९, आणि दुसरा अक्षराचा स्वतःचा. अ ला ५, आ ला ६, इ ७, ई ८, उ ९, आणि ऊ ला १०. लाइन फीडचा नंबर काय? १०! प्रोग्राम अक्षरं नीट जुळवत होता, पण ओळींची मोजणी मात्र त्याच्या खालच्या थरात, कच्च्या बाइटांवर चालली होती. तिथे प्रत्येक ऊ म्हणजे एक नवी ओळ. ४१ व्या ओळीच्या आधी तीन ऊ होते, म्हणून ४४.

आणि औषधाच्या पत्रकात ऊ कुठे येतो बघा: घेऊ नये, देऊ नये, खाऊ नये. जिथे मनाई आहे नेमका तिथे. ू ची मात्रा वेगळी, तिचा नंबर वेगळा, म्हणून "चालवू नये" ला काही होत नाही.

गुजराती-पंजाबीत स्थिती अशी की अक्षराचा पहिला, कायमचा बाइटच १० आहे. म्हणून दर अक्षराला नवी ओळ. (पंजाबीतल्या ऊ चे तर दोन्ही बाइट १०!) पुढे बघत गेलं की मजा येते. देवनागरी आणि बंगालीचा ९, म्हणजे टॅब. उडिया आणि तमिळचा ११, म्हणजे उभा टॅब. तेलुगू-कन्नडचा १२, म्हणजे नवं पान. मल्याळमचा १३, म्हणजे कॅरेज रिटर्न. अख्खा भारत टेलिप्रिंटरच्या कळांवर बसवलाय असं वाटतं. ठरवून कुणी केलेलं नाही, नंबरवारीत तसं आलं इतकंच.

मला यातली सगळ्यात भीतीदायक भाषा मराठीच वाटते. तेराशेव्या ओळीवर कुणी विश्वास ठेवत नाही. ४१ च्या जागी ४४ वर सगळे ठेवतात. निरोपात नंबरच नसता तर त्या माणसाने सगळी फाइल डोळ्याखालून घातली असती.

आता उपाय. अक्षरं आधी जुळवायची आणि ओळी नंतर मोजायच्या, हा क्रम. जावाच्या अगदी पहिल्या आवृत्तीत लाइननंबरइनपुटस्ट्रीम नावाचा प्रकार होता, तो थेट बाइटांवर मोजायचा. एक बाइट म्हणजे एक अक्षर हे गृहीतच चुकीचं, म्हणून पुढच्याच १.१ आवृत्तीत, १९९७ साली, तो वापरू नका असं जाहीर झालं आणि त्याच्या जागी लाइननंबररीडर आला. हा जुना प्रकार १३ सुद्धा मोजतो, त्यामुळे विंडोजच्या यूटीएफ-१६ फायलीत १३ आणि १० च्या मध्ये शून्य आल्याने प्रत्येक ओळ दोनदा मोजली जाते. वर 'दुसर्‍या', 'सुर्‍या' मधला तो आडवा र अनेक टायपिंग पद्धतींत एका अदृश्य जोडणाऱ्या खुणेने लिहितात. तिचा एक बाइट १३! तीही एक ओळ.

फायली यूटीएफ-८ मध्ये असतील तर मात्र हा प्रश्न येत नाही. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती पद्धत आखली. त्यात मराठी अक्षराचे तीन बाइट होतात, पण तिन्ही १२७ च्या वरचे. १० दिसला की ती खरोखरच ओळ संपल्याची खूण.

दुसरा सापळा बफरचा. वाचणारा थर एकदम आठ-आठ हजार अक्षरं उचलून ठेवतो. तुमचा काउंटर त्याच्या खाली बसवलात तर तो फाइलमध्ये शंभर ओळी पुढे पोचलेला असतो आणि तुम्ही अजून तिसऱ्या ओळीवर. मोजणी हातात अक्षर देताना व्हायला हवी, साठा भरताना नव्हे.

शिवाय एक्सेलमधून आलेल्या सीएसव्ही फायलींत अवतरणचिन्हांच्या आत ओळ मोडलेली असू शकते. तिथे ओळ आणि नोंद हे दोन वेगळे आकडे. पायथनचा सीएसव्ही वाचक ओळी मोजतो, नोंदी नव्हे. निरोपात दोन्ही लिहावेत. शेवटची ओळ खुणेशिवाय संपली तर ती ओळ धरायची का, यावरही एकमत नाही. युनिक्सची डब्ल्यूसी ती धरत नाही. जावाचा वाचक ती धरायला लागला २०२१ च्या सोळाव्या आवृत्तीपासून.

त्या कंपनीत शेवटी मोजणी वरच्या थरात नेली आणि निरोपात नंबरासोबत त्या ओळीतले पहिले चार शब्दही छापायला लावले. मांडणीवाल्याला मराठी येत नसली तरी आकृती जुळवून बघता येते. तो ती बघतोही.

तपासायला एक छोटी फाइल केली होती, तुम्हीही करून बघा, यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ दोन्हींत. पहिली ओळ "खाऊ घेऊन जाऊ". दुसरीत तो जोडखुणेचा "दुसर्‍या". तिसरी आणि चौथी मिळून अवतरणातली एकच नोंद. पाचवी शेवटच्या खुणेशिवाय. ओळी पाच, नोंदी चार. जुन्या प्रोग्रामचा आकडा पहिली ओळ संपताच पाचावर पोचला होता.

चू. भू. द्या. घ्या.