इतिहासाच्या चार ओळी आणि चोपन्न भाग

नोंद 1609 सालची आहे. कोरियाच्या पूर्वेकडच्या गांगवॉन प्रांतातून राजधानीत खबर आली की आभाळ निरभ्र असताना ठिकठिकाणी काहीतरी चमकत, गडगडत वर जाताना लोकांनी पाहिलं. यांगयांग भागातल्या एका घराच्या अंगणात तर घंगाळासारखी गोल, लखलखती वस्तू खाली जमिनीलगत दिसली आणि मग वर उठून निघून गेली. दरबारी इतिहासकारांनी ही हकीकत गावांच्या नावांसकट उतरवून घेतली. पुढे काही नाही. खुलासा नाही, शंका नाही, शकुन-अपशकुनही नाही.

चारशे वर्षांनी पार्क जी-उन या लेखिकेने त्या घंगाळाला एक साधा प्रश्न विचारला: त्यातून कोणी खाली उतरलं असेल आणि परत जायचं राहून गेलं असेल तर? त्यातून 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' ही मालिका झाली. डिसेंबर 2013 ते फेब्रुवारी 2014, 21 भाग. परग्रहावरचा तो देखणा गृहस्थ चारशे वर्षं म्हातारा न होता सोलमध्ये राहतोय, कॉलेजात शिकवतोय, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला येते देशातली सगळ्यात नखरेल नटी. पहिला बर्फ पडला की तळलेलं चिकन आणि बिअर हवीच, असं ती नटी म्हणते, आणि तिकडे चीनमध्ये लोक चिकनच्या दुकानांपुढे रांगा लावतात. एका सरकारी नोंदीची मजल कुठवर गेली पाहा!

कोरियन मालिका मी बरीच वर्षं बघते आहे. "एवढं काय असतं त्यात?" हा प्रश्न घरीदारी ठरलेला. गुळगुळीत चेहऱ्याचे नायक, गोड प्रेमकथा, छान छान कोट, हे उत्तर विचारणाऱ्याकडे आधीच तयार असतं, आणि ते खोटंही नाही. पण माझा जीव अडकतो तो दुसरीकडे. हे लोक फार कमी जागेत घर बांधतात. इतिहास चार ओळींचा, मुदत दोन महिन्यांची, नियमांची कुंपणं चहूबाजूंनी, आणि तरीही आत माणसं अशी नांदतात की आपण रात्रीचे दोन वाजेपर्यंत उठत नाही.

आधी त्या चार ओळींचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. जोसॉन राजवंशाच्या दरबारी इतिहासाला 'सिल्लोक' म्हणतात. 1392 पासून 1863 पर्यंतचे 25 राजे, 472 वर्षं, 888 ग्रंथ. 1997 मध्ये युनेस्कोने तो जागतिक स्मृतिठेव्यात घेतला. राजा दरबारात बसला की शेजारी इतिहासकार लिहीत बसायचे. ते टिपण राजाला बघता येत नसे. राजा वारल्यावरच सगळी टिपणं एकत्र करून त्याच्या कारकिर्दीचा ग्रंथ सिद्ध व्हायचा, आणि कच्चे कागद सोलच्या उत्तरेकडच्या एका ओढ्याच्या पाण्यात धुऊन त्यांवरची शाई घालवली जायची, म्हणजे कोणी काय लिहिलं होतं याचा माग काढून कोणाचा सूड घ्यायला नको. कागद मात्र वाया जायचा नाही, पुन्हा वापरात यायचा.

या व्यवस्थेचा सगळ्यात गोड किस्सा राजा तेजोंगचा. 1404 मध्ये हरणामागे घोडा फेकताना हा राजा खाली पडला. लागलं काही नाही. उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला की हे इतिहासकाराला कळू देऊ नका. हे आज आपल्याला कसं ठाऊक? इतिहासकाराने राजाचं पडणं लिहिलं, आणि कळू देऊ नका म्हणाल्याचंही लिहिलं. सहाशे वर्षांपूर्वीचा तो ओशाळलेला राजा मला कुठल्याही राजमुकुटातल्या चित्रापेक्षा जवळचा वाटतो. पटकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? प्रसंग तयार आहे, संवादही तयार आहे.

आणि जिथे नोंद तोकडी आहे तिथे तर मोकळं रान. जांग-गुम नावाची एक वैद्यबाई राजा जुंगजोंगच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजवाड्यात होती. सिल्लोकमध्ये तिचा उल्लेख अधूनमधून, तोही ओळ-दोन ओळींचा. कधी तिला बक्षीस दिलं, कधी राणीच्या बाळंतपणानंतर तिला काय द्यावं यावर दरबारात खल झाला. 1544 मध्ये, अखेरच्या आजारपणात, राजा सांगतो की माझ्या दुखण्याचं त्या वैद्यबाईला ठाऊक आहे. बस. तिचे आईवडील कोण, ती राजवाड्यात कशी आली, शिकली कुठे, कोणावर तिचा जीव होता, काहीच नाही. पुरुष वैद्यांच्या रांगा हात जोडून उभ्या असताना राजा एका बाईवर विसंबतो, एवढीच ठिणगी.

त्या ठिणगीवर लेखिका किम यंग-ह्युन आणि दिग्दर्शक ली ब्युंग-हून यांनी 2003 मध्ये 'डे जांग गुम'चे 54 भाग उभे केले. त्यांनी तिला आधी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात घातलं आणि मग औषधाकडे नेलं. हा मुदपाकखाना त्यांच्या कल्पनेतला, पण त्यातलं रांधणं किती बारकाईने दाखवलंय! एका प्रसंगात सगळ्या मुलींना मांसाच्या पदार्थात गोडवा कशाचा आहे विचारतात. बाकीच्या नेहमीचं उत्तर देतात, साखरेचा. ही चिमुरडी म्हणते, पिकलेल्या पर्सिमॉनचा. कसं ओळखलंस? तर, चाखलं तेव्हा पर्सिमॉनची चव लागली, म्हणून पर्सिमॉन म्हटलं. वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बाया गप्प होतात. जिभेशी प्रामाणिक राहणं हेच पुढे तिच्या वैद्यकीचं मूळ ठरतं. ही मालिका आपल्याकडे 2006 मध्ये दूरदर्शनवर 'घर का चिराग' या नावाने हिंदीत आली होती. इराणमध्ये तर तिने घराघरांत ठाण मांडलं होतं.

मोकळं रान म्हटलं खरं, पण त्याला कुंपण आहे आणि ते प्रेक्षकांनी घातलेलं आहे. 2021 मध्ये 'जोसॉन एक्झॉर्सिस्ट' नावाची भुताखेतांची ऐतिहासिक मालिका सुरू झाली. तिच्यात तोच आपला घोड्यावरून पडलेला तेजोंग निरपराध लोकांना कापत सुटलेला दाखवला आणि एका मेजवानीत ताटांत चिनी पदार्थ वाढले. लोक खवळले, जाहिरातदारांनी हात काढून घेतला, दोन भागांनंतर मालिका बंद. ऐतिहासिक मालिकांवरून आपल्याकडेही वाद पेटतात, पण ताटातल्या पदार्थांवरून गाशा गुंडाळावा लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझं मत विचाराल तर हा अतिरेक होता. परग्रहवासी चालतो, मग भूत का नाही?

आता मुदतीचं. कोरियन मालिकेची ठरलेली चाल म्हणजे आठवड्याला दोन भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा, आणि 16 भागांत खेळ खलास. आठ आठवडे. सोम-मंगळची मालिका वेगळी, बुध-गुरूची वेगळी. बहुतेक वेळा सगळे भाग एकाच व्यक्तीने लिहिलेले असतात, आणि ती व्यक्ती पुष्कळदा बाई असते. किम उन-सूक, नो ही-ग्युंग, पार्क हे-यंग, किम उन-ही ही नावं तिथे नटनट्यांइतकी चालतात. मालिका कोणाची, तर लेखिकेची. आपल्या रोजच्या मालिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना या एका गोष्टीचं मोल सांगायला नको. पहिल्या भागात कोपऱ्यात ठेवलेली छत्री पंधराव्या भागात उघडते, कारण ठेवणारा आणि उघडणारा हात एकच असतो.

या शिस्तीच्या मागे मात्र बराच काळ भयंकर बेशिस्त होती. भाग प्रक्षेपित होत असतानाच पुढचे भाग लिहिले जायचे आणि चित्रित व्हायचे. संवादांची सुटी पानं सेटवर यायची, नट ती हातात पडताच पाठ करायचे, आणि कधीकधी त्याच दिवशीच्या रात्री तो प्रसंग घराघरांत दिसायचा. यात एक फायदाही होता. लोकांना कोण आवडतंय ते बघून लेखिका गोष्ट वळवू शकायची. तोटा काय होता ते 24 डिसेंबर 2017 च्या रात्री साऱ्या देशाने पाहिलं. 'अ कोरियन ओडिसी'च्या दुसऱ्या भागात संगणकाची करामत पुरी झालेलीच नव्हती. राक्षस तारांना लटकलेले, मागे रंगीत पडदे तसेच. प्रक्षेपण मध्येच थांबवावं लागलं. हसू येतं, पण त्याच मालिकेच्या सेटवर आदल्या दिवशी एक कर्मचारी उंचावरून पडून गंभीर जायबंदी झाला होता, हे कळल्यावर हसू मावळतं. 2018 पासून आठवड्याला जास्तीत जास्त 52 तास कामाचा कायदा देशात लागू होत गेला, पुढे वाहिन्यांनाही झाला, आणि आधी चित्रित करून मग दाखवण्याची रीत रुळली. तिचा एक मोठा पायंडा 2016 च्या 'डिसेंडंट्स ऑफ द सन'ने पाडला होता. चीनमध्ये त्याच दिवशी दाखवायचं तर तिथल्या सरकारला आख्खी मालिका आधी तपासायला द्यावी लागत होती. म्हणजे चिनी सेन्सॉरच्या कृपेने कोरियन नटांना झोप मिळाली म्हणायची.

नव्या प्रेक्षकाला हमखास पडणारं कोडं म्हणजे सँडविच. नायिका रडतेय, नायक समजूत घालतोय, आणि दोघं बसलेत सबवेच्या दुकानात. ब्रेड कुठला, भाजी कुठली, हेही सावकाश निवडतात. कारण असं की कोरियाच्या मुख्य वाहिन्यांना जुलै 2021 पर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायला बंदी होती. जाहिरात आधी किंवा नंतर. मग पैसा यायचा कुठून? 2010 मध्ये गोष्टीच्या आतच वस्तू दाखवायला परवानगी मिळाली आणि सगळा बाजार कथेत शिरला. 'व्हिन्सेंझो'मधला माफियाचा वकील इंडोनेशियातली कॉफीची गोळी चघळतो ते याच वाटेने. एकीकडे ही मोकळीक, आणि दुसरीकडे पडद्यावरचा चाकू धूसर केलेला. खुनी समोर उभा, हातात पांढुरकं ढगासारखं काहीतरी. मला आता त्या धुक्याचीच जास्त भीती वाटते.

तक्रारीही आहेत. तेरा-चौदाव्या भागाच्या सुमाराला नायक-नायिका एकमेकांच्या भल्यासाठी एकमेकांना सोडतात, न बोलता, आणि दीड भाग नुसते पुलांवर उभे राहतात. हे सोळाऐवजी चौदात उरकलं तर कोणाचं काही बिघडणार नाही. श्रीमंत घराण्याचा वारस आणि गरीब मुलगी हे लोणचं मुरून मुरून खारट झालंय. मनगट धरून मुलीला ओढत नेणारे नायक कमी झाले, बरं झालं. आणि दुसऱ्या पर्वाचा सोस मला मुळीच पसंत नाही. 'स्क्विड गेम' 2021 मध्ये नऊ भागांत संपली तेव्हा पुरेपूर होती. 2024 आणि 2025 मधल्या पर्वांनी तिला लांबवलं, मोठं केलं नाही.

पण हे सगळं एका प्रसंगापुढे माफ. 'रिप्लाय 1988', पहिला भाग. सोलच्या सांगमुन-दोंगमधली अरुंद गल्ली, पाच कुटुंबं, संध्याकाळची जेवणाची वेळ. एक आई मुलाच्या हाती शेजारी वाडगा पाठवते. शेजारीण रिकामा कसा परत करणार? तीही काही घालून देते. मग तिसऱ्या घरी, चौथ्या घरी. गल्लीत पोरांची ये-जा सुरू, कोणाच्या हातात कोशिंबीर, कोणाच्या हातात किमची, एकमेकांना ओलांडताना सगळी वैतागलेली. शेवटी प्रत्येक घराचं ताट गच्च भरतं आणि कोणीतरी कुरकुरतं की मग सगळे एकत्रच का जेवत नाही? भाजीची वाटी रिकामी परत न करणाऱ्या कुठल्याही वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे कोरिया परका राहत नाही. त्याच भागात मधली मुलगी दोक-सन वाढदिवसावरून फुटते, कारण दरवर्षी थोरल्या बहिणीच्याच केकवर तिचीही मेणबत्ती लावून भागवतात. रात्री बाप छोटा केक घेऊन तिच्याशेजारी बसतो आणि कबूल करतो की जन्मतः मी काही बाप नव्हतो, मीही पहिल्यांदाच बाप होतोय. पार्श्वसंगीत नसतं तरी चाललं असतं, इतकं ते खरं आहे.

या मालिका आणखी एक करतात, ते म्हणजे समजावून सांगत नाहीत. तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या हातात दारातच पांढऱ्या टोफूचा ठोकळा देतात, तो कच्चाच खातो. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप असतं, पण परीक्षेच्या दिवशी तेच सूप नको, कारण ते निसरडं, यशही निसटायचं. वडीलधाऱ्यांपुढे पिताना मान वळवायची. हे कोणी सांगत नाही, चार-पाच मालिकांनंतर आपोआप कळतं.

बघायला सुरुवात करणार असाल तर 'रिप्लाय 1988' पासून करा, आणि पहिले दोन भाग संथ वाटले तरी सोडू नका. इतिहासाची आवड असेल तर 'डे जांग गुम', जेवून घेऊन मगच. मन जड असेल त्या आठवड्यात 2018 ची 'माय मिस्टर' लावा. ती हलकी नाही, पण सोबत करते. आणि शक्यतो मूळ आवाजातच ऐका. डबिंगमध्ये 'माय मिस्टर'मधल्या आयू आणि ली सन-ग्युन या नटांचा अर्धा अभिनय गळून पडतो.