सातबारा आणि सप्तपदी

नोंदणीचा दाखला मिळाला की लग्न कायदेशीर झाले, हा समज शिरूर-दौंडपासून मुंबईपर्यंत आढळतो. विवाह हा समवर्ती सूचीतला (केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येणारा) विषय आहे. हिंदू विवाह कशाने होतो, हे केंद्राचा १९५५ चा कायदा ठरवतो: वधूवरांची पात्रता आणि रूढीप्रमाणे विधी. महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा त्याची नोंद करायला लावतो. सातबाऱ्यावरची नोंद जशी मालकी निर्माण करत नाही, तसाच हा दाखला. मग नोंदणी कशाला? पुराव्यासाठी. ती राहिली म्हणून लग्न अवैध ठरत नाही. मात्र विधीच झाले नसतील, तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे वेगळे: तिथे विवाह अधिकाऱ्यासमोरच लग्न लागते.