अभिनयाच्या वाटेवर निघालेल्या आपल्या मुलामुलींसाठी

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, मुलुंडच्या वस्त्यांत, बोरिवलीच्या चाळींत आज एक नवी पिढी उभी आहे. पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा यांच्या जोडीला या पिढीला आणखी एक स्वप्न पडते, ते पडद्यावर दिसण्याचे. सकाळची लोकल पकडून ही मुले-मुली अंधेरीला उतरतात आणि वर्सोव्याच्या आरामनगरातील कास्टिंगच्या कचेऱ्यांपुढे रांगेत उभी राहतात. समाजातील काही जाणती मंडळी याला 'नसते थेर' म्हणतात. मला ते मान्य नाही.

अभिनय आपल्याला परका कधी होता? महात्मा फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत नेला. अण्णाभाऊ साठे याच घाटकोपरच्या चिरागनगरात राहून वगनाट्ये लिहीत होते. तमाशाचा फड पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माणसांनी जागवला. परंतु कला आपली, घाम आपला आणि मिळकत व मान मात्र दुसऱ्याचा, असाच हा व्यवहार राहिला. म्हणून या क्षेत्रात जायचे की नाही, हा प्रश्नच नाही. कोणती तयारी करून जायचे, हा प्रश्न आहे.

पहिली तयारी कसबाची. 'फँड्री' (2013) आणि 'सैराट' (2016) पाहून अनेकांना वाटते की शिक्षणाची गरज नाही, नागराज मंजुळेंसारखा दिग्दर्शक आपल्याला शोधत येईल. 'कोर्ट' (2014) चित्रपटातील शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे व्यावसायिक नट नव्हते, हेही खरे. पण त्यांच्या मागे चळवळीतले उभे आयुष्य होते, ते कॅमेऱ्यापुढे दिसले. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक 2012 साली रंगभूमीवर आले आणि जालना जिल्ह्यातील खेड्यांतले कलावंत महाराष्ट्राला माहीत झाले. ते रातोरात उगवले नव्हते. राजकुमार तांगडे आणि त्यांचे सहकारी त्याआधी कितीतरी वर्षे गावात नाटक करीत होते.

तेव्हा फोटोंचा महागडा संच काढण्याआधी नाटकात जा. महाविद्यालयाच्या एकांकिका, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा, जिथे मिळेल तिथे उभे राहा. भूमिका मिळाली नाही तर प्रकाशयोजना करा, नेपथ्य उचला. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात नाट्यशास्त्राचे आणि लोककलेचे रीतसर शिक्षण मिळते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, तेथे आपल्यासाठी राखीव जागा आहेत. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. पण जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीत धावपळ करण्यापेक्षा तो आजच काढून ठेवा.

दुसरी गोष्ट भाषेची. 'तुझी भाषा शुद्ध नाही' हे वाक्य आपल्या मुलांना हमखास ऐकावे लागते. त्याने खचू नका. प्रमाण मराठी आणि हिंदी हे नटाचे हत्यार आहे, ते शिकून घ्या. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करा, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. मात्र आजीची बोली टाकू नका. विदर्भाची, मराठवाड्याची, खानदेशाची बोली ज्याच्या जिभेवर आहे त्याच्याकडे इतरांपेक्षा एक हत्यार जास्त आहे. तेच आडनावाचे. आडनाव लपवून मिळवलेले काम आयुष्यभर भीतीत ठेवते.

तिसरी गोष्ट पैशाची. वकिली करताना अशी प्रकरणे वारंवार समोर येतात. 'भूमिका पक्की आहे, नोंदणीचे एवढे भरा', 'कार्ड काढून देतो', 'आमच्याच छायाचित्रकाराकडून फोटो काढा'. आईचे मंगळसूत्र, बापाची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम यात जाते. एक नियम पाठ करा : काम देणारा पैसे देतो, घेत नाही. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारातून माघारी या. फसगत झालीच असेल तर संदेश, पावत्या, बँकेतील नोंदी जपा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. लाजेने गप्प बसाल तर तोच माणूस उद्या शेजारच्या वस्तीतील मुलीला फसवील. कलाकार संघटनेचे सभासदत्व हवे असेल तर दलाल गाठू नका. 'सिंटा' ही संघटना अंधेरीतच आहे, स्वतः जाऊन नियम विचारा.

चौथी गोष्ट कराराची. चित्रपट कामगारांसाठी 1981 साली कायदा झाला, त्यात लेखी कराराची सक्ती होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहितेने घेतली आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत मानधन घेणाऱ्या कलावंताला लेखी कराराशिवाय कामावर ठेवता येणार नाही, हे तत्त्व तिच्यातही आहे. करारात रक्कम, दिवस, कामाचे तास आणि पैसे देण्याची तारीख असलीच पाहिजे. मालिकांमध्ये नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे, तेवढे दिवस घर कसे चालेल याचा हिशेब आधी मांडा. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंताला आपल्या कलाविष्काराच्या व्यापारी वापरावर स्वामित्वधन मागण्याचा हक्क मिळाला. इंग्रजी कागद समजला नाही तर सही करू नका. वस्तीतल्या एखाद्या वकिलाकडे घेऊन जा, तो नाही म्हणणार नाही.

पाचवी गोष्ट स्वाभिमानाची. सेटवर चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर तो 'विनोद' नसतो. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तेथेही लागू आहे. मुलींनी लक्षात ठेवावे, 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली सेट हेही कामाचे ठिकाण आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. रात्री एकटीला हॉटेलात बोलावणारे ऑडिशन नाकारणे म्हणजे संधी घालवणे नव्हे.

आणि शिक्षण सोडू नका. पदवी पूर्ण करा, हाताला एखादा कामधंदा ठेवा. ज्याच्या घरची चूल पेटते आहे तोच वाईट भूमिकेला नाही म्हणू शकतो. नोकर, गुंड आणि दारुडा एवढ्याच भूमिका आपल्या वाट्याला येत असतील, तर त्या नाकारण्याचे बळ पोटातून येते.

शेवटी दोन शब्द चळवळीतील जाणत्यांना. 14 एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग काढून विहारात नाट्यपथक उभे राहणार नाही काय? प्रेमानंद गज्वींची, दत्ता भगतांची नाटके आपल्या मुलांनी वाचलेली असावीत, विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम व्हावी. मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आपल्यापासून दूर नाही. तेथे आपले पथक तिकीट लावून प्रयोग करील, असे काम या वर्षी एका तरी विहाराने हाती घ्यावे. जयभीम.